डिस्नेवारी

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या तीन यात्रा ठरलेल्या असतात. नायगारा, व्हाइट हाउससमोरचा फोटो आणि डिस्ने. भारतातून आई-बाबा आले की पहिल्या दोन उरकतात, मुलं जरा कळती झाली की तिसरी. आमची तिसरी 2023 च्या जूनमध्ये झाली. तेव्हापासून पुण्याच्या मावशीपासून इथल्या शेजारणीपर्यंत सगळ्यांनी "लिही गं त्यावर" म्हणून तगादा लावलाय. तर हे घ्या. कुठल्या राइडला आधी पळावं, कुठलं हॉटेल स्वस्त पडतं, असलं काही यात सापडणार नाही. ती माहिती इंटरनेटवर पोत्याने मिळते. यात उलटी आहे, संडास आहे आणि कचऱ्याचे डबे आहेत. जेवता जेवता वाचत असाल तर आधी हात धुऊन या :)

खरं तर ही वारी 2020 सालची. त्या वर्षी मार्चअखेर सासू-सासरे अटलांटाला आमच्याकडे येणार होते आणि एप्रिलमध्ये आम्ही सहाही जण ऑरलँडोला जाणार होतो. थोरली तेव्हा पाच वर्षांची आणि धाकटा जेमतेम दीड. "एवढ्या लहान पोराला घेऊन डिस्नेला कशाला जातेस, त्याला काय आठवणार आहे?" असं मला चार जणींनी विचारलं. पण घाई मुलांना नव्हतीच. घाई होती बाबांना.

बाबा म्हणजे माझे सासरे. एका नगरपालिकेत इंजिनियर होते. ड्रेनेज आणि कचरा, सगळी नोकरी त्यातच गेली. मिकी माउसशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. पण रिटायर झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं की फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये कचऱ्याची गाडी फिरताना कधी दिसत नाही, कारण तिथला कचरा जमिनीखालच्या पाइपांतून हवेने ओढून नेतात. झालं! नायगारा राहिला बाजूला, बाबांना डिस्ने बघायचं होतं. दर रविवारी स्काइपवर नातवंडांची चौकशी दोन मिनिटांत संपायची आणि मग विषय पाइपांवर यायचा. कालनिर्णयच्या एका फाटलेल्या पानामागे त्यांनी यादीसुद्धा केली होती. एक, मोनोरेल. दोन, वाफेचं इंजिन. तीन, जमिनीखालचे बोगदे. चार, कचरा. चौथ्याखाली दोन रेघा.

मग जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे. 16 मार्चपासून डिस्नेचे दरवाजे बंद झाले, त्याच महिन्यात भारतातून येणारी विमानं थांबली, आमची बुकिंगं रद्द. बाबा फोनवर हसत म्हणाले, "अरे पाइप काय पळून जातायत का? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी, 2021 च्या एप्रिलमध्ये, बाबा गेले.

2023 च्या मे महिन्यात आई एकट्या आल्या. बॅग उघडून लोणचं, मेतकूट, मुलांचे कपडे असं सगळं बाहेर काढून झालं आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं ते कालनिर्णयचं पान निघालं. "यांचं बघायचं राहिलंय. तेवढं बघून येऊ," एवढंच म्हणाल्या. नवरा उठून पाणी प्यायला गेला. मी लॅपटॉप उघडला.

तारखा बघताना एक गोष्ट लक्षात आली. धाकटा चार वर्षांचा, म्हणजे बाबागाडीत बसेलही आणि थोडं चालेलही. थोरली आठ, म्हणजे आईबाबांसोबत फिरायची लाज अजून वाटायला लागलेली नाही. आई एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात पण चालतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दोन वर्षं आधी ते जमलं नसतं आणि दोन वर्षांनी जमेल याची खात्री नाही. जूनमधलं ऊन, गर्दी, शाळांच्या सुट्ट्यांचे वाढलेले दर, सगळं कळत होतं. तरी तिकिटं काढली.

अटलांटा ते ऑरलँडो गाडीने साधारण सात तास लागतात. मुलं बरोबर असली की नऊ. आम्हाला अकरा लागले. पहिल्या पन्नास मैलांत "आलं का?" पाच वेळा विचारून झालं. मेकनच्या पुढे आईंनी मुलांना गोष्ट सांगायला घेतली आणि गोष्टीतल्या कोल्ह्याला इंग्रजीत काय म्हणतात यावरून बहीणभावंडांत हाणामारी झाली. पण खरी गंमत फ्लोरिडाच्या हद्दीवर.

तिथे हमरस्त्यालगत राज्याचं स्वागतकेंद्र आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला संत्र्याचा रस फुकट देतात. लहानशा पेल्यात. फुकट म्हटल्यावर आपला मराठी बाणा जागा होतोच. धाकट्याने स्वतःचा प्यायला, मग आजीने न प्यायलेला प्यायला, मग ताईचा अर्धा. वीस मैल गेले असतील-नसतील, मागून बारीक आवाज आला, "आजी, माझ्या पोटात ऑरेंज हलतंय."

पुढचं सांगत नाही. फक्त एवढंच सांगते की कार सीट या वस्तूची रचना ज्या माणसाने केली त्याने तिच्या खाचा धुवायचा विचार केलेला नाही. एका पेट्रोल पंपाच्या मागे आम्ही तासभर नळाखाली ती घासत होतो. आईंनी धाकट्याचे कपडे बदलले, पदराने तोंड पुसावं तसं ओढणीने पुसलं आणि पर्समधून आवळासुपारीची डबी काढून सगळ्यांना एकेक दिली. "आधीच द्यायला हवी होती, पण तुम्ही म्हणाल म्हातारीचं काहीतरी," असंही ऐकवलं. तिथून पुढे डबी डॅशबोर्डवर.

रात्री हॉटेलात पोचलो तर धाकट्याने नवीन खोलीतला बाथरूमचा खटका फिरवून बघितला आणि स्वतःला आत कोंडून घेतलं. आतून रडणं, बाहेरून चार जणांच्या चार सूचना. "डावीकडे फिरव" म्हटलं तर "डावी म्हणजे कुठली?" असा प्रश्न. शेवटी आई दाराशी जमिनीवर बसल्या आणि "तू ज्या हाताने भात खातोस ना, त्याच्या दुसऱ्या बाजूला फिरव हो बाळा," म्हणाल्या. खट्! दार उघडलं. दोन मिनिटांनी हॉटेलचा माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. त्याला आवळासुपारी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष वारी. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी लावली म्हणजे मॅजिक किंगडम आलं असं होत नाही. मधे मोठं तळं आहे. ते बोटीने ओलांडा नाहीतर मोनोरेलने वळसा घाला. ही मोनोरेल 1971 सालची, पार्क उघडलं तेव्हापासूनची. वाटेत ती एका हॉटेलच्या इमारतीत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तिथे आईंनी एकदम माझा हात धरला. "अगं, हे यांनी मला सांगितलं होतं, मला वाटलं थापा मारतायत." धाकटा काचेला नाक लावून बसला होता. यादीतलं पहिलं झालं.

दाराशी बॅगा तपासल्या. आईंच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडीचे लाडू. त्या घाबरल्या होत्या, काढून घेतील म्हणून. पण डिस्नेमध्ये आपलं खाणं नेऊ देतात. काचेच्या बाटल्या आणि दारू तेवढी चालत नाही. आत झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर पेलाभर फुकट मिळतं. आईंच्या मनात डिस्नेबद्दल जो आदर निर्माण झाला तो या दोन गोष्टींमुळे. किल्ला, राजकन्या वगैरे त्यानंतर.

आणि मग रांगा. पंढरपूरची दर्शनबारी ज्याने पाहिलीय त्याला डिस्नेच्या रांगेचं नवल वाटू नये. तशीच वळणं, तशीच "आलंच आता" वाटून पुन्हा लागणारी नवी खोली. रांग टाळायची असेल तर वेगळे पैसे भरून फोनवर वेळ घ्यायची. तेव्हा त्याला जिनी प्लस म्हणायचे, 2024 मध्ये नाव बदललं. नवरा पहाटे सातला उठून फोनवर तत्काळ तिकीट काढावं तशी त्या वेळा काढत बसला होता. इतक्या कष्टाने मिळालेली एक वेळ सव्वादहाची होती. सव्वादहाला आम्ही सगळे संडासात होतो.

कारण अमेरिकेतले संडास. त्यांना डोळा असतो. आपण उठलो की तो बघतो आणि आपोआप पाणी सोडतो. पण चार वर्षांचं मूल त्या डोळ्याला धड दिसत नाही. मूल बसलेलं असतानाच धबधबा सुरू होतो. धाकटा तिथून जो किंचाळत पळाला तो "मी घरी जाऊन शू करीन" यावर ठाम. घर 440 मैलांवर. मी विनवण्या केल्या, लाच देऊ केली. आईंनी पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या काळ्या डोळ्यावर तीन मोठ्या टिकल्या शेजारी शेजारी चिकटवल्या. "आता तो आंधळा झाला. बस." बसला! काम झाल्यावर टिकल्या काढून परत पाकिटात. त्या दिवसात किती ठिकाणी हा कार्यक्रम झाला ते मोजलं नाही. बाहेर रांगेतल्या एका बाईने "हे कुठे विकत मिळतं?" म्हणून विचारलं तेव्हा काय सांगावं ते मला सुचेना.

मग वाफेची गाडी. पार्कभोवती फिरणारी ही गाडी खेळण्यातली नाही. तिची चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात गेल्या शतकाच्या सुरुवातीला बनलेली, मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबून भंगारात निघायच्या बेताला आलेली. डिस्नेच्या माणसांनी ती 1969 मध्ये विकत घेऊन नव्यासारखी केली. ही सगळी माहिती मला बाबांकडून ऐकून पाठ. आई बाकावर टेकल्या, शिट्टी झाली आणि त्या धाकट्याला सांगायला लागल्या, "आमच्या पुण्यात अशीच फुलराणी आहे. पेशवे पार्कात. सुरू झाली तेव्हा मी तुझ्याएवढी होते." हिशेब केला तर खरंच की. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड 1955 चं आणि फुलराणी 1956 ची. तिकडे डिस्नेसाहेब मुलांसाठी आगगाडी फिरवत होते तेव्हा इकडे पुण्यातही तेच चाललं होतं. धाकट्याने विचारलं, "मग तिथे पण मिकी आहे?" आई म्हणाल्या, "नाही. आमच्याकडे खरे मोर होते."

दुपारी थोरलीची वेळ. स्पेस माउंटन. 1975 पासून चालू असलेली, अंधारातली रोलर कोस्टर. वेग फार नाही, ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली एसटी याहून जोरात जाते. पण काही दिसत नाही ना! थोरली वर्षभर हिची वाट बघत होती. दाराशी उंचीची पट्टी. किमान 112 सेंटिमीटर. धाकटा पट्टीखाली ताठ उभा राहिला, मान ताणली, टाचा उचलल्या. तिथल्या मुलीने हसत हसत टाचा खाली करायला लावल्या. 101. अकरा सेंटिमीटर कमी.

चार वर्षांच्या माणसाला अपमान म्हणजे काय हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. तो रडलाही नाही आधी. त्याने पट्टीकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि जमिनीवर आडवा झाला. मग रडला. डिस्नेमध्ये अशा वेळेसाठी सोय आहे. एक पालक लहान मुलाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा लांब रांग न लावता सोडतात. मी थांबणारच होते. पण आई म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा. आम्ही दोघं इथे बसतो. मलाही ते लोक घेणार नाहीत आणि मला जायचंही नाही." त्या झाडाखालच्या बाकावर बसल्या, धाकट्याला शेजारी ओढला आणि आम्हाला हातानेच 'निघा' केलं.

बाकाचीही एक गोष्ट आहे. वॉल्ट डिस्ने सांगायचे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली चक्रावर बसायच्या आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसायचे. मुलांबरोबर मोठ्यांनाही खेळता येईल अशी जागा का नसावी, असं त्यांना तिथे वाटलं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. एवढी प्रचंड जागा केवळ बापांनी बाकावर बसू नये म्हणून! तरी प्रत्येक घरातलं कोणीतरी बाकावर असतंच. त्या दुपारी मी रांगेतून मागे वळून बघितलं तर बाकांवर ओळीने बसलेल्या आज्या. सगळ्या देशांच्या. सगळ्यांच्या मांडीवर दुसऱ्यांच्या बॅगा.

राइड कशी होती? थोरलीला विचारा. मी डोळे उघडलेच नाहीत. चाळीसेक मिनिटांनी बाहेर आलो तर बाक रिकामा.

पिशवी नाही, बाबागाडी नाही, आई नाहीत, धाकटा नाही. मी आधी म्हटलं, संडास. नवरा पळत जाऊन बघून आला. नाही. आईंच्या फोनला इथलं सिम नव्हतं, वायफाय लागलं तरच व्हॉट्सअ‍ॅप. मेसेज टाकला, एकच टिक. थोरली म्हणाली, "आजी कुठे जाणार? तिला इंग्लिश पण येत नाही." ते वाक्य मला नको होतं. चहूबाजूंनी माणसांचा पूर, प्रत्येक तिसऱ्या मुलाच्या अंगात निळा टी-शर्ट. धाकट्याच्याही निळाच. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. नवऱ्याचा चेहरा मात्र मला ओळखीचा वाटला. बाबांच्या वेळी तो इथे अटलांटात बसून पुण्याचा फोन लावत होता आणि पलीकडून कोणी उचलत नव्हतं, तेव्हा तो असाच दिसत होता.

आणि मग गर्दीतून आवाज आला. मोठ्याने, मराठीत.

"एकवीस, बावीस, तेवीस..."

रस्त्याच्या मधोमध आई चालत होत्या. पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, गळ्यात पर्स आडवी. एका हाताने बाबागाडी ढकलत, दुसऱ्या हातात धाकटा. एका कचऱ्याच्या डब्यापासून निघून पुढच्या कचऱ्याच्या डब्याकडे. डब्याला हात लावून दोघं थांबले. "सव्वीस!" आई म्हणाल्या. मग धाकटा एकटा मागे चालत गेला आणि आपल्या पावलांनी मोजत आला. त्याला मराठी आकडे दहापर्यंतच यायचे. पुढे तो "दहा-एक, दहा-दोन" असं म्हणायचा. आई मागून "अकरा, बारा" करत त्याला पुढे ढकलत होत्या. एकेचाळीस झाली.

डिस्नेची एक गोष्ट सांगतात की हातातला कागद फेकून द्यायच्या आधी माणूस किती पावलं चालतो ते बघून इथे दर तीस पावलांवर डबा ठेवलाय. खरीखोटी देव जाणे. पण बाबांनी ती आईंना सांगितली होती आणि आई ती तपासत होत्या! त्यांनी आतापर्यंत सात डबे मोजले होते. "सगळीकडे सारखं नाही हं," त्या मला म्हणाल्या, जणू मी त्यांची ज्युनियर इंजिनियर. "कुठे वीस, कुठे सव्वीस. खायच्या दुकानांपाशी जवळ जवळ आहेत. यांच्या पावलांनी अठराच झाली असती, ढांगा केवढ्या टाकायचे."

मला रडू आलं. मी ते घामात खपवलं.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक सफाई कामगार डब्यापाशी आला. आईंनी त्याला गाठलंच. "डस्टबिन... आफ्टर... व्हेअर?" हातांनी पिशवी उचलल्याची खूण. तो माणूस थांबला, हसला आणि बोटाने खाली दाखवलं. मग बरंच सांगितलं, जे मी मराठीत करून सांगितलं. डब्यातल्या पिशव्या ते लोक आतल्या बाजूच्या झरोक्यात टाकतात. तिथून पाइपांतून हवेने ओढून, ताशी साठ मैलांच्या आसपास वेगाने, कचरा पार्काच्या मागच्या बाजूला जातो. पद्धत मूळची स्वीडनची. आणि बोगदे खरं तर खाली नाहीतच. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून समोरचं तळं खोदताना निघालेली माती पसरून जमीन उंच केली, बोगदे मूळ जमिनीवर बांधले आणि त्यांच्या डोक्यावर पार्क. म्हणजे आपण चालतो तो दुसरा मजला. आई लक्ष देऊन ऐकत होत्या, मधे मधे मान हलवत. "हे बरोबर आहे," असं शेवटी म्हणाल्या.

मग त्या माणसाने लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवला आणि तापलेल्या फरशीवर चार फटकाऱ्यांत मिकी काढला. तिथले काही सफाई कामगार असं काढतात. धाकटा उकिडवा बसून बघत राहिला. दोन मिनिटांत कान वाळले, मग नाक, मग सगळाच गेला. "अजून एक," म्हणाला. काढला. तोही वाळला. स्पेस माउंटन तो पार विसरला होता.

साडेतीनला आभाळ फाटलं. फ्लोरिडातला उन्हाळ्यातला पाऊस आपल्या वळवासारखा, गडगडाट करत येतो. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. हजारो माणसं एकदम छपरं शोधत पळतात. आम्ही प्लास्टिकचे रेनकोट चढवून बाहुल्यांच्या बोटीत शिरलो. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी केलेली ही राइड, नंतर डिस्नेच्या पार्कांत आली. देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणं गातात. कोरडं आणि गार, म्हणून आम्ही तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी आई बाहुल्यांबरोबर गुणगुणायला लागल्या आणि थोरलीने "आजी, प्लीज!" म्हणून डोळे झाकून घेतले. म्हटलं ना, लाज वाटायचं वय उंबरठ्यावरच होतं.

रात्रीच्या फटाक्यांसाठी लोक दोन-दोन तास आधी जागा धरतात. आम्हीही धरली. सव्वाआठला धाकटा बाबागाडीत झोपला. पावणेनऊला थोरली माझ्या खांद्यावर. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दोघं घोरत होती आणि आम्ही तीन मोठी माणसं आकाशाकडे बघत होतो. पायांचे तुकडे पडले होते. आईंचा उजवा गुडघा चांगलाच सुजला होता. कोणी काही बोललं नाही.

हॉटेलवर आल्यावर आईंनी कालनिर्णयचं पान काढलं आणि धाकट्याचा जांभळा खडू घेतला. मोनोरेल, बरोबरची खूण. वाफेचं इंजिन, खूण. कचरा, खूण. बोगदे बघता आले नव्हते. त्यासाठी वेगळी पैसे भरून करायची सहल आहे, कित्येक तासांची, सोळा वर्षांखाली प्रवेश नाही आणि त्या गुडघ्याने ती झेपलीही नसती. आईंनी जरा विचार केला आणि बोगद्यांपुढे लिहिलं, "वर उभे राहून आलो." मग पान घडी करून पिशवीत. सकाळी गुडघ्याला मीठपाण्याचा शेक आणि परतीची वाट. येताना संत्र्याचा रस कोणीही मागितला नाही.

ऑगस्टमध्ये धाकट्याच्या शाळेत 'माझी सुट्टी' असं चित्र काढायला सांगितलं. बाकी मुलांनी समुद्र काढले, विमानं काढली. आमच्या चिरंजीवांनी एक हिरवा कचऱ्याचा डबा काढला, शेजारी एक मोठं आणि एक छोटं माणूस. बाईंनी मला थांबवून हळूच विचारलं, सहल नीट झाली ना? मी म्हटलं, उत्तम झाली. ते चित्र मी आईंना पाठवलं. पुण्यातल्या घरी बाबांच्या फोटोखाली लावलंय.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. 2024 मध्ये आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या घरात छान चालतात, पण वीस-बावीस तासांचा प्रवास आता नको म्हणतात आणि आम्हीही आग्रह करत नाही. थोरलीला दहा पूर्ण झाली, म्हणजे डिस्नेच्या हिशेबात ती मोठी माणूस, तिकीटही मोठ्यांचं. फिरायला निघताना ती हेडफोन आधी शोधते. धाकटा मात्र दारामागच्या पट्टीवर 112 च्या पुढे गेला त्या दिवशी घरभर नाचला. लगेच आजीला व्हिडिओ कॉल. "आजी, आता मला घेतील! तू पण ये ना." आई म्हणाल्या, "तू जाऊन ये. आणि येताना डबे मोजून ये. आता तुझी पावलं कमी भरतील." तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण मग बाकावर कोण बसणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आईंकडेही नव्हतं.

असो. फारच लांबलं. तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर बरोबर आवळासुपारी घ्या, टिकल्यांचं मोठं पाकीट घ्या, दशम्या घ्या. मुलं फार लहान आहेत, ऊन फार आहे, पुढच्या वर्षी बघू, असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आजी-आजोबांचे गुडघे चालतायत ना? मग निघा.